चाळिशीत दिनचर्येची घडी बसवताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वार्षिक तपासणीच्या अहवालात साखर सीमारेषेवर आलेली असते, रक्तदाब थोडा वरच्या बाजूला असतो आणि डॉक्टर सांगतात, "वजन उतरवा, रोज चाला, मीठ-साखर कमी करा, झोप नीट घ्या आणि ताण घेऊ नका." यातला शब्दन् शब्द खरा असतो. पण घरी आल्यावर यापैकी पहिले काय करायचे, किती करायचे आणि नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची औषधे हे सगळे सांभाळून ते कधी करायचे, याचे उत्तर कुणी देत नाही. त्यात भर पडते ती मोबाईलवर येणाऱ्या परस्परविरोधी सल्ल्यांची. मी स्वतः या टप्प्यातून गेले आहे आणि त्यानंतर नात्यातल्या, शेजारपाजारच्या अनेकांना हाच गोंधळ होताना पाहिला आहे. म्हणून ज्या क्रमाने गेल्यास हे बदल अंगवळणी पडतात, तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

आरोग्याच्या सवयी टिकतात त्या घरातल्या व्यवस्थेमुळे, हे माझे ठाम मत झाले आहे. रात्रीचे जेवण किती वाजता होते, जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी असते की नसते, मोबाईल रात्री कोणत्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो, अशा गोष्टी एकदा नीट लावल्या की रोज नव्याने मनाशी झगडावे लागत नाही. खालच्या पायऱ्या वाचताना हे सूत्र मनात ठेवावे.

एक महत्त्वाची सूचना आधीच देते. ज्यांना हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेहासाठी चालू असलेली औषधे आहेत, तसेच ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनी आहार किंवा व्यायामात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. दिनचर्या सुधारली म्हणून चालू गोळी परस्पर बंद करू नये.

सुरुवातीला जवळ असाव्यात अशा वस्तू आणि कागदपत्रे

- मागील दोन-तीन वर्षांचे रक्ततपासणीचे अहवाल, तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावलेले
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. त्यात चूर्ण, काढे आणि स्वतःहून घेतलेल्या गोळ्याही लिहाव्यात
- शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी
- दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाब मोजण्याचे डिजिटल यंत्र
- एक साधी वही आणि पेन
- टाच आणि चवडा नीट धरून ठेवणारे चालण्याचे बूट

यापेक्षा अधिक काहीही सुरुवातीला विकत घेऊ नये. व्यायामाची महागडी साधने, डब्यातल्या पावडरी आणि मनगटावरचे घड्याळ यांच्यावाचून पुढची एकही पायरी अडत नाही.

पायरी १ : आधी मोजून घ्यावे

मोजपट्टीने कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. भारतीयांसाठी पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानली जाते. वजन बेताचे आहे म्हणून निश्चिंत राहू नये. हातपाय काटकुळे पण पोटावर चरबी, अशी शरीराची ठेवण आपल्याकडे फार आढळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या ठेवणीचा अनेक वर्षे अभ्यास केला असून, बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही मधुमेहाचा धोका का असतो, हे त्यांच्या कामामुळे जगापुढे आले.

रक्तदाब मोजण्याची पद्धत बहुतेक घरांत चुकते, म्हणून ती जरा तपशिलाने सांगते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे गप्प बसून राहावे. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर, पायाची घडी घातलेली नाही आणि हात टेबलावर अशा उंचीवर की दंड हृदयाच्या पातळीत येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. सदऱ्याच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवर नव्हे. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असे सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस करावे आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी घेतलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आकडा १८०/१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही असेल, तर घरी थांबू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्ताच्या अहवालात उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम आणि 'एचबीएवनसी', म्हणजे ज्याला आपण तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणतो, ती ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. १२६ आणि ६.५ पासून पुढे मधुमेहाची कक्षा सुरू होते. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही सांगून करून घ्यावी, कारण त्याची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि थकवा, मुंग्या येणे, विसराळूपणा हे सारे वयाच्या माथी मारले जाते. खर्चाची अडचण असल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. तिशीपुढील व्यक्तींसाठी रक्तदाब व मधुमेहाबरोबरच मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातून केली जाते.

पायरी २ : झोपेची वेळ बांधून घ्यावी

बहुतेक जण आहारापासून सुरुवात करतात. माझा आग्रह झोपेपासून सुरुवात करण्याचा आहे, कारण अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड आणि तळलेले खावेसे वाटते, रक्तदाब चढा राहतो आणि पहाटे चालायला उठण्याचा तर प्रश्नच येत नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते.

झोपण्याची वेळ लगेच आपल्या हातात नसली तरी उठण्याची वेळ असते. ती रविवारसह एकच ठेवावी. झोपण्याची वेळ काही दिवसांत आपोआप मागे येते. दिवसाचा शेवटचा चहा किंवा कॉफी दुपारी चारच्या आत घ्यावी, कारण त्यातले कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास जातात. मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास व्हावे, यासाठी घरात सर्वांनी मिळून एक वेळ ठरवावी लागेल. ज्यांचा उपनगरी लोकलचा प्रवास लांबचा आहे, त्यांनी संध्याकाळी कार्यालयातून निघतानाच डब्यातले काहीतरी पोटभरीचे खाऊन रात्री घरी हलके जेवावे. दुपारी वामकुक्षी घ्यायची सवय असल्यास ती अर्ध्या तासाच्या आत आटोपावी.

झोपेत मोठ्याने घोरणे, मधेच श्वास अडकून दचकून उठणे आणि सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येणे, ही लक्षणे एकत्र असतील तर केवळ सवयी बदलून भागणार नाही. झोपेत श्वास थांबण्याच्या विकारासाठी तपासणी करून घ्यावी.

पायरी ३ : मीठ, तेल आणि साखरेचा महिन्याचा हिशेब ठेवावा

रोज चमच्याने मोजून कोणीही स्वयंपाक करत नाही आणि करावा असेही मी म्हणणार नाही. त्यापेक्षा सोपा आणि खात्रीचा मार्ग वाण्याच्या यादीत आहे. मिठाची पिशवी, तेलाचा डबा आणि साखरेची पुडी फोडताना त्यावर पेनाने तारीख घालावी आणि संपल्यावर दिवस मोजावेत.

माणशी दिवसाला मीठ जास्तीत जास्त ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था या दोघीही सांगतात. चार माणसांच्या घरात हे दिवसाला २० ग्रॅम होते, म्हणजे एक किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे. खरे तर त्याहून अधिक, कारण लोणचे, पापड, फरसाण, पाव, वेफर्स आणि बाहेरच्या वडापावातून येणारे मीठ या पिशवीत धरलेलेच नाही. तुमच्या घरी पिशवी महिन्यातच संपत असेल, तर उत्तर तुमच्यासमोर आहे. कमी करताना कणकेतले आणि भातातले मीठ आधी बंद करावे. त्याची चव कुणाला फारशी जाणवत नाही. मग लोणचे आणि पापड एकाच जेवणात नकोत असा नियम करावा, ताटात वरून मीठ वाढणे थांबवावे आणि आमटी-भाजीतले मीठ हळूहळू उतरवावे. लिंबू, आमसूल, ओले खोबरे, कोथिंबीर, लसणाची फोडणी यांनी चव राखता येते. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते आणि पूर्वीचेच जेवण खारट लागू लागते.

तेलाचेही तसेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे. चार प्रौढांच्या घरात महिन्याला ते साधारण साडेतीन लिटर होते, आणि त्यात तूप व लोणीही आले. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत आणता आली तर उत्तम. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्याने दिवसाला चार कप घेतले, तर चहाच ती मर्यादा ओलांडून जातो. गूळ, मध आणि काकवी यांचीही या हिशेबात साखर म्हणूनच नोंद करावी.

पायरी ४ : ताट वाढण्याचा क्रम बदलावा

आपले मराठी ताट मुळात चांगले आहे. डाव्या बाजूला कोशिंबीर आणि चटणी, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, आणि मध्ये भाकरी किंवा पोळी व भात. बिघाड झाला आहे तो प्रमाणात. सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, रात्री पुन्हा पोळी आणि वर भात, असा दिवस गेला की धान्यावर धान्य चढत जाते आणि भाजी-डाळ तोंडी लावण्यापुरती उरते. वर सांगितलेल्या सूचनांमध्ये दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असे प्रमाण दिले आहे. ही वजने शिजवण्यापूर्वीची आहेत. चारशे ग्रॅम भाजी म्हणजे किती, हे एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहावे. बहुतेक घरांत त्याच्या निम्मीही पोटात जात नाही, हे लगेच ध्यानात येईल.

जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ संपवावी, मग पोळी-भाकरी घ्यावी आणि भात शेवटी. याच क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतर साखर कमी वेगाने वाढते. मोड आलेली मटकी, मूग, हुलगे, पिठले, ताक, अंडी, मासे हे आपल्याच घरातले प्रथिनांचे साठे आहेत. प्रत्येक जेवणात त्यातले एक तरी हवे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी जरूर आणावी, परंतु नाचणीचा लाडू हा गुळामुळे लाडूच राहतो, हे विसरू नये. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही.

याच ठिकाणी घरातल्या स्त्रियांविषयी बोलणे मला अत्यावश्यक वाटते. सर्वांचे झाल्यावर, उरलेसुरले, उभ्याउभ्या आणि बहुधा दुपारी अडीच-तीनला जेवायचे, ही पद्धत अजून कितीतरी घरांत चालू आहे. देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, आणि भाजी-उसळ संपल्यावर उरलेल्या पोळीवर भागवण्याचा त्याच्याशी संबंध आहे. स्वतःसाठी वाटीभर उसळ आणि भाजी स्वयंपाक होताच वेगळी काढून ठेवावी आणि रात्री तरी सर्वांबरोबर बसून जेवावे. घरातल्या इतरांनी हे वाढून घेण्याची जबाबदारी आपल्याकडे घ्यावी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर केवळ बीट आणि खजुरावर विसंबू नये. कारण शोधून उपचार घ्यावेत.

पायरी ५ : चालणे, शतपावली आणि ताकद

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती असावी. सुरुवातीला दहा मिनिटांनीच दम लागत असेल तर तेवढेच चालावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईकडे, बाहेरचे चालणे चार महिने खंडित होते. त्यासाठी इमारतीचा जिना, लांब व्हरांडा किंवा घरातल्या घरात चालण्याची व्यवस्था जूनपूर्वीच ठरवून ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे.

रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश शतपावली घालावी. जेवणानंतर स्नायू हलते राहिले की ते रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे या जुन्या सवयीचा साखर सीमारेषेवर असलेल्यांना थेट लाभ होतो. कुटुंबाने एकत्र शतपावली घातली तर मोबाईलही बाजूला राहतो आणि दिवसभराचे बोलणेही होते.

चालण्याने ताकद पुरेशी वाढत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने सुरुवात होते. ज्यांचे गुडघे चांगले आहेत, त्यांनी सूर्यनमस्कार जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावेत. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे आणि ते अंगावर काढू नये.

पायरी ६ : दात आणि डोळे

रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे अजूनही अनेक घरांत होत नाही. सकाळइतकेच ते आवश्यक आहे. मिश्री लावण्याची सवय ही तंबाखूचीच सवय आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे, हे घरातल्या मोठ्या बायकांना आदराने पण स्पष्ट सांगावे. संगणकावर काम करणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरवर वीस सेकंद पाहावे आणि त्याच निमित्ताने तासाला एकदा खुर्चीवरून उठावे.

पायरी ७ : मनासाठी वेळ राखून ठेवावा

दिवसातली दहा मिनिटे अशी ठेवावीत की त्या वेळी कुणाचेही काम आपल्याकडे नसेल. दिवेलागणीची वेळ अनेकांना सोयीची पडते. कुणी नामस्मरण करील, कुणी गच्चीतल्या कुंड्यांजवळ बसेल, कुणी संथ श्वसन करील. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतके सावकाश श्वसन केल्याने मन शांत होते आणि रक्तदाबही थोडा उतरतो. रक्तदाब जास्त असलेल्यांनी मात्र श्वास रोखून धरणे आणि जोरकस कपालभाती टाळावी. आठवड्यातून एकदा भाऊ, बहीण, मैत्रीण किंवा जुना शेजारी यांच्याशी प्रत्यक्ष भेटून बोलणे, हेही मी आरोग्याच्या सवयींतच धरते. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याने तर आपल्या विश्रांतीची पाळी भावंडांकडून हक्काने मागून घ्यावी.

सलग दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक उडणे असे होत असेल, तर 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनाशुल्क आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नये. त्याच क्षणी फोन करावा आणि घरातल्या माणसाला जवळ बसवून घ्यावे.

वाटेत हमखास लागणारे सापळे

दुधी भोपळ्याचा रस सकाळी घेणारे पुष्कळ आहेत. कडू दुधीचा रस विषारी असतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नये. त्यापेक्षा दुधीची भाजी खावी.

सैंधव मीठ हेही मीठच आहे, त्याला वेगळी मर्यादा नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स यांनी 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण खरी ठरते. भगर, राजगिरा, ताक, फळे आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर उपवास छान होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र परस्पर उपवास करू नये, कारण साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

पाकिटावरच्या 'मल्टिग्रेन', 'शुगर फ्री' अशा मोठ्या अक्षरांवर विश्वास न ठेवता मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. जो घटक पहिला लिहिलेला असतो, तो त्यात सर्वाधिक असतो. बिनलेबलाच्या चूर्णांत आणि 'साखर मुळापासून घालवणाऱ्या' पुड्यांत शिसे, पारा किंवा स्टेरॉइड आढळल्याची उदाहरणे आहेत; त्या घेऊच नयेत.

पायरी ८ : दोन आठवड्यांना एक बदल, आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी

गुढीपाडव्याला सगळेच एकदम सुरू करून अक्षय्य तृतीयेपर्यंत सोडून देण्यापेक्षा, दर दोन आठवड्यांनी एकच बदल घ्यावा. पहिले दोन आठवडे झोप, पुढचे दोन मिठाची पिशवी, मग ताट, मग चालणे. वहीत रोज एक ओळ पुरे : किती वाजता झोपलो, चाललो की नाही, जेवणात उसळ होती की नाही. लग्नकार्य, गणपती, दिवाळीत चार दिवस घडी मोडणारच. पाचव्या दिवशी आधी उठण्याची वेळ पूर्ववत करावी, बाकीचे मागून जुळते.

फेरतपासणीची घाई करू नये. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे 'एचबीएवनसी'मध्ये फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात. त्या वेळी डॉक्टरांकडे जाताना जुना आणि नवा अहवाल, कमरेच्या सुरुवातीच्या आणि आताच्या अशा दोन्ही मापांचे आकडे, भेटीपूर्वीच्या सात दिवसांत घरी घेतलेल्या रक्तदाबाची सरासरी आणि औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी. आकडे अपेक्षेप्रमाणे उतरलेले नसतील तर औषध सुरू करायचे का, आणखी कोणती तपासणी हवी आणि पुढच्या वेळी कधी यायचे, हे तीन प्रश्न घरूनच वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरे तिथेच बसून त्यांच्याखाली उतरवून घ्यावीत.